खोलीच्या कार्डावरचे पंधरा हजार

मी कशेळीतल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. गाडीतून उतरणारी खोकी मोजायची, गाडीत चढणारी मोजायची, दोन्ही आकडे जुळले की सही करायची. वीसेक वर्षं झाली. मोजण्यात मी पक्का आहे असं तिथे सगळे मानतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही मानत होतो.

त्या वर्षी आमच्या मुलीला बढती मिळाली. ती ऐरोलीला एका कंपनीत कामाला आहे, तिथेच मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते आणि सुट्टीला घरी येते. एका रविवारी जेवताना तिने मोबाईल आईपुढे धरला.

"तुमच्या दोघांचं बोटीचं तिकीट काढलंय. मुंबईहून निघायचं, तीन रात्री समुद्रात, मधे कुठेही न थांबता परत मुंबई."

बायकोचा घास हातातच राहिला. तिच्या वडिलांची खाडीत रेतीची होडी होती. लहानपणी ती रेतीच्या ढिगावर बसून कशेळीच्या पुलाखालून कितीदा गेलेली, पण खाडीचं तोंड ओलांडून पुढे कधीच नाही. मोठा समुद्र तिने पाहिला होता तो फक्त किनाऱ्यावरून.

"येवढे पैसे कशाला घालवलेस?" ती म्हणाली.

"घालवून झालेत. आता जा."

मग मुलीने आम्हाला तिथला व्यवहार समजावला. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचं दार उघडायला जे कार्ड मिळतं, तेच सगळीकडे दाखवायचं. त्या कार्डावर तिने आमच्यासाठी पंधरा हजार भरले होते.

"ऑनबोर्ड क्रेडिट म्हणतात त्याला. कॉफी घ्या, मसाज करून घ्या, दुकानातून काही आणा. पण संपवून या. उरले तर परत मिळत नाहीत."

"आणि जास्ती झाले तर?" मी विचारलं.

"माझं क्रेडिट कार्ड जोडलंय. शेवटच्या सकाळी बिल त्यावर येतं. तुम्ही त्याचा विचार करू नका."

ती बोटीचे फोटो दाखवत होती. पोहण्याचा तलाव, जेवणाचा हॉल, नाटकाचं स्टेज. मधेच एक फोटो आला, लाल गालिचा आणि त्यावर रांगेने उभी दिवे लागलेली यंत्रं. तिने तो पटकन पुढे सरकवला. मी तो पाहिला, आणि मी पाहिला हे तिने पाहिलं. बायको भात आणायला उठली. पुढे कुणी त्याबद्दल बोललं नाही.

न बोलण्याला कारण होतं. आमच्या बापजाद्यांची जमीन गोदामांसाठी विकली गेली तेव्हा माझ्या वाट्याला चांगली रक्कम आली होती. मी बत्तीस वर्षांचा होतो. त्यातून एक टेम्पो घेतला, आणि उरलेले पैसे निजामपुऱ्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या खोलीत तीनपत्ती खेळण्यात घालवले. दोन वर्षांत सगळे गेले, मग टेम्पोही गेला. मी दारू पीत नव्हतो, म्हणून बराच काळ कुणाला पत्ता लागला नाही. लागला तेव्हा बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. सहा महिन्यांनी परत आली ती एका अटीवर. मला ती अकलोलीला घेऊन गेली. गरम पाण्याच्या कुंडात उतरून, पाणी अंगाला चटके देत असताना मी शब्द दिला, की पुन्हा पैसा लावणार नाही. त्यानंतर एकोणीस वर्षं मी पत्त्यांना हात लावला नव्हता. दिवाळीतसुद्धा नाही.

पावसाळा संपल्यावर आम्ही निघालो. बंदरावर आमचे फोटो काढले, दोघांना वेगळी कार्डं दिली, पण दोन्हीचं खातं एकच. बोट किनाऱ्यापासून सुटली तेव्हा बायको कठड्याला धरून उभी होती. तिचा पदर वाऱ्याने सारखा उडत होता आणि ती तो धरतही नव्हती. एवढी खूश मी तिला मुलीच्या निकालाच्या दिवशीच पाहिली होती.

संध्याकाळी जेवायला जाताना कळलं की हॉलकडे जाणारा सरळ रस्ता कॅसिनोतून जातो. यंत्रं बंद होती. वाटेतल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, "किनारा पुरेसा मागे पडला की उघडेल." मी झपझप चालत पुढे गेलो. हॉलमध्ये खुर्चीवर बसलो तेव्हा माझे तळहात ओले झाले होते. मी ते पँटला पुसले. बायकोने पाहिलं असावं. ती म्हणाली, "आपन येताना वरच्या जिन्यानं जाव." आम्ही वरच्या जिन्याने गेलो.

त्या रात्री झोप लागली, पण सकाळी जाग आली ती एका विचाराने: पंधरा हजार, आणि उरले तर परत मिळत नाहीत.

बायको डेकवर जाऊन बसली होती. तिला नुसतं पाणी बघायचं होतं. मी कॉफी आणतो म्हणून निघालो, आणि वरच्या जिन्याऐवजी खालून गेलो. यंत्रं आता चालू होती. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. घंट्या, नाण्यांसारखी खळखळ, मधेच एखादी आनंदाची धून. एक वयस्कर जोडपं शेजारी शेजारी बसून खेळत होतं. मी तिथे घुटमळलो तेव्हा त्यातल्या गृहस्थाने हिंदीत सांगितलं, "रोख नाही लागत. खोलीचंच कार्ड घाला."

मी बसलो त्याचं कारण मला त्या वेळी अगदी स्वच्छ वाटलं होतं. हे भेटीचे पैसे. वापरले नाहीत तर असेही जाणार. मी शब्द दिला तो पैसा न लावण्याचा, आणि हा काही पैसा नव्हे, हा नुसता कार्डावरचा आकडा. माझ्या घामाचा नाही, बायकोच्या डब्यातला नाही. हजार रुपये लावू, गेले तर गेले, कॉफी प्यायली समजू.

हजाराचे पाच हजार झाले. दहा-बारा मिनिटांत.

मी लगेच कार्ड काढून उठलो. हरलो असतो तर एवढा घाबरलो नसतो. एकोणीस वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं अंगात परत आलं होतं. मानेमागची ती ऊब, कानातला तो दाब, आणि शेजारच्या माणसाचं तोंड दिसेनासं होणं. मला वाटलं होतं ते मेलं असेल. ते मेलं नव्हतं, माझ्याबरोबर रोज गोदामात येत होतं आणि खोकी मोजत होतं.

कॉफी घेऊन डेकवर गेलो. बायको म्हणाली, "येवढा वेळ?" मी म्हणालो, "रांग होती." एकोणीस वर्षांतलं ते माझं पहिलं खोटं, निदान त्या प्रकारचं.

दुपारी बोटीवर टॉवेलचे प्राणी करायला शिकवणार होते. बायकोला त्याची भारी हौस वाटली. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि ती हत्ती शिकायला गेल्यावर थेट खाली गेलो. सकाळचे पाच हजार गेले. मग पुढचे गेले. मी मनात हिशेब ठेवत होतो, नेहमीसारखा. पंधरातले दोन उरले, म्हणजे अजून आपण भेटीच्या आतच आहोत. मग ते दोनही गेले. तिथे मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मुलीचं कार्ड जोडलेलं आहे हे मला माहीत होतं, ते मी विसरलो होतो असं म्हणणार नाही. तीन-चार हजार तिच्या कार्डावर गेले तर पगारातून तिला देऊ, आईसाठी काहीतरी घेतलं असं सांगू, असं मी ठरवलं. खोटंसुद्धा आधीच तयार करून ठेवलं.

खोलीत आलो तर पलंगावर टॉवेलचा हत्ती बसवलेला. त्याच्या डोळ्यांच्या जागी तिने आपल्या दोन टिकल्या लावल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. माझ्या मोजणीप्रमाणे मुलीचे नऊ हजार झाले होते. नऊच्या वर जायचं नाही असं म्हणत मी शेवटची काही मिनिटं खेळलो आणि उठलो.

दुपारी मी खोलीत पडलो होतो तेव्हा बायको आत आली. चेहरा नुसता फुललेला. "ऐकलात काय? मी दुकानात गेलती. पोरीला घड्याळ बघितलं. ती दुकानातली बाई बोलली, कार्ड द्या, किती हायत बगते." तिने कार्ड माझ्यापुढे नाचवलं. "पंधराच्या पंधरा हजार तसेच हायत! तुमी साधी कॉफी पन न्हाय प्यालात काय पैसे देऊन?"

मी उठून बसलो. खरं तर उठलो नाही, अंगच उठलं. पंधरा हजार शाबूत आहेत. मग दोन दिवस मी कुणाचे पैसे लावत होतो?

"काय झालं? तोंड असं का केलात?"

"काही नाही. जेवण बाधलं वाटतं. औषध आणतो."

रिसेप्शनवर गणवेशातला एक तरुण होता. त्याला कार्ड दिलं आणि आतापर्यंतचा खर्च दाखवायला सांगितला. त्याने कागद छापून माझ्यापुढे ठेवला. मी आधी खालचा आकडा पाहिला. अठ्ठावन्न हजार चारशे.

मी म्हणालो, "हे कुणा दुसऱ्याचं आहे."

त्याने खोली क्रमांक दाखवला. ओळीओळीने तारीख, वेळ आणि पुढे कॅसिनो, कॅसिनो, कॅसिनो. मी ज्याला एकदा म्हणून मोजलं होतं, ते काही ठिकाणी दोनदा, तीनदा होतं. प्रत्येक वेळी वर थोडा सेवा-आकार लावलेला.

"पण आमचे पंधरा हजार भेटीचे आहेत ना? त्यातून का नाही गेले?"

"सर, ते क्रेडिट कॅसिनोला लागू होत नाही. कॅसिनोचा सगळा खर्च जोडलेल्या कार्डावर जातो. पुस्तिकेत लिहिलंय." तो खरोखर दिलगीर दिसत होता. "तुम्हाला दुसरं कार्ड द्यायचं असेल तर उद्या सकाळी सहाच्या आत द्या. मग बिल त्याच्यावर घालता येईल." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, त्याने जोडलं, "कॅसिनो आज उशिरापर्यंत चालू आहे, सर. बऱ्याच जणांचं शेवटच्या दिवशी भरून निघतं."

ते वाक्य ऐकून मी जितका घाबरलो, तितका कागद बघून घाबरलो नव्हतो. कारण माझं एक मन लगेच हो म्हणालं होतं.

मी तिथून निघालो. कुठे जातोय ते ठरवलं नव्हतं. माझ्या बँकेत चाळीसेक हजार होते, बाकीचे गोदामाच्या मालकाकडून उचल घेऊन भरता आले असते. माझं कार्ड दिलं असतं तर मुलीला काही कळलं नसतं, बायकोलाही नाही. किंवा आत्ता जाऊन पाच हजार लावायचे, फक्त पाच. पाचाचे पंचवीस होतात, मी काल हजाराचे पाच केलेच होते. हा विचार चालू असताना माझे पाय लाल गालिच्याच्या कडेला आले होते. पाय मला न विचारता आले होते. ते दिसल्यावर मी जिन्याच्या पायरीवर बसलो. दोन्ही हातांनी कठडा धरला. येणारे-जाणारे बाजूने जात होते, एका बाईने विचारलं, बोट लागतेय का? मी मान डोलावली.

किती वेळ बसलो कोण जाणे. उठलो तो उलट्या दिशेने, आणि रिसेप्शनवर परत गेलो. "माझ्या कार्डावर कॅसिनो बंद करता येईल?"

"येईल. दोघांच्याही?"

"माझ्याच."

त्याने एक कागद दिला. मी सही केली. सही वाकडी आली.

मग खोलीत जाऊन मी बायकोला सांगितलं. ती पलंगावर बसून बॅग भरत होती. मी उभा राहूनच बोललो, सगळं, कॉफीच्या रांगेपासून. तिने मधे एकदाच विचारलं.

"किती?"

"अठ्ठावन्न हजार."

"पोरीच्या कार्डावर?"

"हो."

तिने हातातली साडी नीट घडी करून बॅगेत ठेवली. चपला घातल्या, पर्स घेतली आणि दार उघडून निघून गेली. दार आपोआप हळूहळू मिटलं.

मला वाटलं येईल. अर्धा तास बसलो. मग उठलो.

पहिल्यांदा डेकवर गेलो, जिथे ती बसायची. खुर्ची रिकामी. दुसऱ्या बाजूला गेलो. तलावाकडे, जेवणाच्या हॉलमध्ये, बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून आत जाणाऱ्या एका बाईला बघायला सांगितलं. कुठेच नाही. माझी बायको पाण्याला भिणारी नव्हे, वाढलीच पाण्यावर. पण मी बोटीच्या मागच्या टोकाला आलो आणि खाली पाहिलं. बोटीमागे पांढरा फेस लांबपर्यंत पसरत होता आणि मग नाहीसा होत होता. चारी बाजूंना काहीच नव्हतं, एक पक्षीसुद्धा नाही. कठडा माझ्या छातीपर्यंत येत होता, तिच्या खांद्यापर्यंत आला असता. मी मनात त्याची उंची मोजत होतो. तेवढ्यात मला माझीच किळस आली आणि मी ओरडून तिला हाक मारली. दोन-तीन माणसं वळून बघायला लागली.

आता स्पीकरवरून तिचं नाव पुकारायला सांगायचं, असं ठरवून मी रिसेप्शनकडे धावलो. जवळचा रस्ता खालूनच होता. आणि तिथे ती होती.

कॅसिनोत, एका यंत्रासमोरच्या उंच स्टुलावर. पर्स मांडीवर, दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर, आणि उजव्या हातात खोलीचं कार्ड. तिचं कार्ड बंद नव्हतं. मी स्वतःच 'माझ्याच' म्हणालो होतो.

"इथं काय करतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोरचे रंग फिरत होते, कुणी खेळत नसलं तरी ते फिरतच असतात. "याच मशीनवर बसलेलात?"

"नाही. त्या तिकडच्या."

ती उठली, मी दाखवलेल्या यंत्रापाशी जाऊन बसली. "कार्ड कुठं घालायचं?"

"अगं, नको."

"मी इचारलं, कुठं घालायचं?"

मी जागा दाखवली. ती त्या फटीकडे बघत राहिली. मला तिच्या हातातून कार्ड हिसकावून घ्यावंसं वाटत होतं आणि हिंमत होत नव्हती. तो अधिकार माझ्याकडे उरला नव्हता. तिने कार्ड घातलं असतं, ती जिंकली असती, तर? हरली असती तर? मला दोन्ही नको होतं.

तिने कार्ड घातलं नाही.

"मना वाटलेलं, इथं काय तरी भारी असंल," ती म्हणाली. "माझा बाप रेतीत कमरेयेवढा बुडून काम करायचा, तवा होडी भरायची. तुमी जमीन घालवलीत, टेम्पो घालवलात, मी बोलली, असंल काय तरी, मना कळत न्हाय. आज बगाया आली." तिने यंत्रावरून हात फिरवला, जसा गाईच्या पाठीवरून फिरवावा. "न्हाय कळत. आवाज येतो नुसता."

"मला तो आवाज आवडतो," मी म्हणालो. हे मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. "अजून आवडतो. त्याची मला भीती वाटते."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. "मना बी वाटते," म्हणाली. "तुमची."

आम्ही तिथून उठलो. वर जाऊन डेकवर बसलो. मी तिला सांगितलं की सहाच्या आत माझं कार्ड दिलं तर बिल आपण भरू, मुलीला काहीच कळणार नाही. मला वाटलं हे ऐकून तिला जरा हायसं वाटेल.

"न्हाय," ती म्हणाली. "कार्ड तिचंच राहू दे. पैसे मागनं देऊ. पन तिला कळलं पायजे. मागल्या येळी मी समद्यांपासून लपवलं. माहेरी गेली तरी का आली ते लपवलं, शेजारी लपवलं. आता मी न्हाय लपवनार, आनि तुमालाही लपवू देनार न्हाय. रेंज आली की पयला फोन तिला."

संध्याकाळी ती दुकानात जाऊन मुलीसाठी घड्याळ घेऊन आली, त्या शाबूत राहिलेल्या क्रेडिटमधून. "तिचे पैसे, तिलाच जावदे," एवढंच बोलली. उरलेल्यातून तिने काय काय घेतलं ते मी विचारलं नाही.

सकाळी मुंबईच्या इमारती धुरकट दिसायला लागल्या. मी फोन हातात धरून डेकवर उभा होतो, रेंजची एक रेघ येईल म्हणून बघत होतो आणि ती येऊ नये असंही वाटत होतं. आली. मी फोन लावायच्या आतच मुलीचा फोन आला.

"आई कुठे आहे?"

"इथेच आहे. बरी आहे. मला तुला एक सांगायचंय."

"बाबा, मला परवा सकाळीच मेसेज आलेत. बँकेकडून. एकामागून एक. बिल शेवटी लागतं, पण रक्कम बँक लगेच अडवते." तिचा आवाज बसलेला होता. "तुमचा फोन लागत नव्हता. बोटीच्या ऑफिसला फोन केला, त्यांनी लिहून घेतलं आणि काही कळवलं नाही."

दोन दिवस मी समजत होतो की माझं गुपित समुद्रात आहे. आणि त्या दोन दिवसांत प्रत्येक वेळी मी कार्ड घातलं की ऐरोलीत तिचा फोन वाजत होता.

"तू कार्ड बंद का नाही केलंस?"

"करणार होते. हात गेला होता. मग वाटलं, कार्ड बंद केलं आणि त्यांनी आईला जेवायच्या टेबलावरून उठवलं तर? चारचौघांत काही बोलले तर? मला माहीत नव्हतं तिथे काय करतात. मी दोन दिवस ऑफिसला गेले नाही."

मुलगी बंदराबाहेर येऊन उभी होती. आईला मिठी मारली, माझी बॅग घेतली. टॅक्सीत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, आम्ही मागे. कशेळीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा ती मागे न वळता म्हणाली, "एक खरं सांगा. मजा आली?"

बायको माझ्याकडे बघत होती. नाही म्हणणं सोपं होतं.

"पहिल्या सकाळी आली," मी म्हणालो.

तिने मोबाईल काढून त्यातला हिशेब उघडला. मग म्हणाली, "पैसे मी परत घेणार आहे, बाबा. महिन्याला पाच हजार. राहू द्या म्हणणार नाही." मी हो म्हणालो. "आणि ठाण्यात एक डॉक्टर आहेत. याच्यासाठी. तुम्ही जाल. मी दोन दिवस हेच शोधत होते."

मी जातो. पहिल्या वेळी बायको बरोबर आली आणि बाहेर बाकावर बसून राहिली, मी मागच्या दाराने पळून जाईन अशी तिला शंका होती. तशी माझी इच्छा होतीही. डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढी. तिने मला रागावून काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की कुंडात दिलेला शब्द पाळताना एकोणीस वर्षं तुमच्या मदतीला कोण होतं. मी म्हणालो, कुणीच नाही, त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. ती म्हणाली, मग आता बोलायला लागा.

पगार आता बायकोच्या खात्यात जातो. हप्ते बारा महिन्यांत फिटले, शेवटचा चौतीसशेचा. तो हप्ता दिला त्या रविवारी मुलीने मटण आणलं, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि मग बायकोनेच म्हटलं, "बोला की, डॉक्टरीन काय बोललेली?" आम्ही तिघं हसलो, जरा घाबरतच.

गोदामात जेवणाच्या सुट्टीत काही जण मोबाईलवर रमी खेळतात. पत्ते वाटल्याचा आवाज त्यातून येतो. मी डबा घेऊन वजनकाट्याच्या केबिनमध्ये जाऊन बसतो. सुरुवातीला त्यांना वाटायचं मला साहेबपणा चढलाय. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाने मला गाठून दोन हजार उसने मागितले, कशाला ते सांगेना, आणि बोलताना तळहात पँटला पुसत होता. मी पैसे दिले नाहीत. त्याला केबिनमध्ये बसवलं, दार लावलं आणि बोटीची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत होता की नाही, कळलं नाही. त्याने डॉक्टरचा नंबर मात्र लिहून घेतला.